सतरा अंकांचा हार

कवीला बोलायला बोलावले की तो कवितेवर बोलणार, हे ठरलेलेच असते. आज मात्र मी एका संख्येवर बोलणार आहे. मी गणिताचा माणूस नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि पुढचे सारे आयुष्य शब्दांच्या संगतीत गेले. तरीही ही संख्या मला फार दिवस खुणावते आहे. ती अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकपासून नऊपर्यंत पायरी पायरीने चढायचे आणि नऊवरून पुन्हा एकपर्यंत उतरायचे. अंक एकूण सतरा. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, संख्या तीच. आपल्या भाषेत असे शब्दांचे खेळ आहेत. 'चिमा काय कामाची', 'रामाला भाला मारा' ही वाक्ये आपण शाळेत उलटसुलट वाचलेली असतात. 'तो कवी डालडा विकतो' हे वाक्य तर कवितेचे पुस्तक काढणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी ऐकवतेच. मलाही ऐकवलेले आहे.

माझ्यासारख्याला या संख्येचे कौतुक वाटण्याला आणखी एक कारण आहे. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात आणि उर्दू उजवीकडून डावीकडे. गंमत अशी, की उर्दू मजकुरात आकडा आला की तो मात्र डावीकडून उजवीकडेच लिहितात. वाचणाऱ्याच्या नजरेला ओळीच्या मध्येच वळण घ्यावे लागते. ही सतरा अंकी संख्या नजरेला ते वळण घ्यायला लावत नाही. ज्या बाजूने याल त्या बाजूने ती सारखीच भेटते.

आता ही संख्या जन्माला कशी येते ते पाहू. नऊ वेळा एक लिहा : १११११११११. हिला हिनेच गुणा. उत्तर येते ते आपली ही संख्या. असे का होते, हे समजायला चौथीचे गणित पुरते. पाटीवर गुणाकार मांडा. प्रत्येक वेळी एकनेच गुणायचे असल्यामुळे तीच नऊ एकांची ओळ पुन्हा पुन्हा येते, फक्त प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. अशा नऊ ओळी झाल्या की उभी बेरीज करा. अगदी उजवीकडच्या घरात एकच एक आहे. त्याच्या शेजारी दोन एक आहेत, मग तीन, मग चार. मधल्या घरात नऊच्या नऊ ओळींचे एक येतात. तिथून पुढे ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा असे करत शेवटी पुन्हा एक. कुठेही हातचा येत नाही. हातचा आला नाही म्हणूनच प्रत्येक घरातली मोजदाद उत्तरात उघडी दिसते.

दहा एक घेतले की मात्र मधल्या घरात दहा जमतात. शून्य मांडून एक हातचा घ्यावा लागतो. शेजारच्या नवात तो मिळवला की तिथेही दहा होतात आणि पुन्हा हातचा. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढण सातनंतर अडखळते, आठ गायब होतो, मध्ये दोन शून्ये बसतात. म्हणजे नऊ एकांचा वर्ग हा या माळेतला शेवटचा निर्दोष मणी. १, १२१, १२३२१, १२३४३२१ असे करत आपण इथवर येतो आणि याच्यापुढे रस्ता बदलतो.

ही संख्या केवढी मोठी आहे? आपल्याकडे मोठ्या संख्यांची स्थाने मोजायला जुनी नावे आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त अशी अठरा नावे सांगितली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. आपली संख्या यातल्या सतराव्या स्थानापर्यंत पोचते. वाचायची झाली तर एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू अशी सुरुवात करायची, अर्बुदाच्या घरात नऊ म्हणायचे, आणि मग आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष असे खाली उतरत एकावर थांबायचे. अंकलिपी हातात धरून, अंगणात बसून, पावकी, निमकी, दिडकी घोकणाऱ्या आपल्या जुन्या पिढीला हे म्हणायला आवडले असते, अशी माझी खात्री आहे. त्यात ताल आहे.

एका सेकंदाला एक या वेगाने कोणी एकपासून मोजू लागला आणि एक क्षणही थांबला नाही, तर या संख्येपर्यंत पोचायला त्याला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. कार्यालयातल्या संगणकावर हिशेबाचे तक्ते करायला जे एक्सेल वापरतात, त्याच्या एका चौकोनात ही संख्या टाकून पाहा. ते पहिले पंधरा अंक सांभाळते आणि शेवटच्या दोन घरांत शून्ये घालते. २१ च्या जागी ०० दिसतात. यंत्राचा दोष नाही. त्याला तेवढेच अंक जपायला सांगितलेले आहे. पण पाटी-पेन्सिल घेतलेली चौथीची मुलगी हा गुणाकार शेवटच्या अंकापर्यंत बरोबर करते, ही गोष्ट मला दिलासा देणारी वाटते.

अशा संख्यांचे वेड आपल्या भागात नवे नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रह' या संस्कृत ग्रंथात असे काही गुणाकार दिले आहेत की ज्यांची उत्तरे गळ्यातल्या हारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात. त्यात एक उदाहरण आहे : २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा. उत्तर येते १२३४५६५४३२१. एकपासून सहापर्यंत चढून परत एकपर्यंत उतरणारी ही संख्या म्हणजे सहा एकांचा वर्ग. आपल्या सतरा अंकी हाराची ही अकरा अंकी वडील बहीण. अकराशे वर्षांपूर्वी एक मोठा गणिती आपल्या विद्यार्थ्यांसमोर अशी उदाहरणे ठेवत होता. उपयोग काय, असे त्याला कोणी विचारले असेल का, हे सांगता येत नाही. पण गणिताला सौंदर्याची ओढ असते, हे त्याने ओळखले होते.

विसाव्या शतकात ही ओढ पुन्हा एका मराठी माणसाला लागली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाचा नाद होता, आणि त्यातून मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. शालेय शिक्षण ठाण्याला, पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. विद्यार्थिदशेतच, १९२७ साली, त्यांना गणितातल्या स्वतंत्र लेखनासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीला शाळेत शिकवत राहिले.

आपल्या जिल्ह्यात देवळाली म्हटले की डोळ्यांपुढे राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा येते. कापरेकर मास्तरांची देवळाली ती नव्हे. ती नाशिकजवळची, कॅम्पाची देवळाली. पण नगर आणि नाशिक हे शेजारी जिल्हे. तेव्हा शेजारच्या घरातला माणूस म्हणून त्यांच्यावर आपला थोडा हक्क सांगायला हरकत नाही.

कापरेकरांनी संख्यांना दिलेली नावे पाहा, म्हणजे माणसाचा स्वभाव कळतो. जुन्या जी.आय.पी. रेल्वेवर, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर डेम्लो नावाचे स्थानक होते. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. एका प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना तिथे सुचली, म्हणून त्या संख्यांना त्यांनी नाव दिले 'डेम्लो संख्या'. एखाद्या संशोधकाने शोधाला राजाचे किंवा गुरूचे नाव दिले असते; या मास्तरांनी रेल्वे स्थानकाचे दिले. १, १२१, १२३२१ या मालिकेला ते 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हणत, आणि १९३८ साली त्यांनी त्यांच्यावर लेखही प्रसिद्ध केला. आपली सतरा अंकी संख्या याच कुळातली.

डेम्लो संख्येची खूण अशी. संख्येचे तीन भाग करा. डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली की मधल्या भागातला अंकच पुन्हा पुन्हा आला पाहिजे. २५५३ घ्या. डावीकडचे दोन आणि उजवीकडचे तीन मिळून पाच, आणि मध्येही पाचच. १२३२१ घ्या. १२ आणि २१ मिळून ३३, मध्ये ३. आता आपली संख्या. मधला नऊ बाजूला ठेवा. डावीकडे उरते १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. यांची बेरीज करा. येते ९९९९९९९९. आठ वेळा नऊ, आणि मध्ये उभा असलेला तोही नऊ. दोन हात जोडल्यावर जो आकडा दिसतो, तोच छातीवर लावलेला.

आता तिच्या सगळ्या अंकांची बेरीज करा. येते ८१, म्हणजे नऊ नव्वे. आणि या ८१ ने संख्येला नि:शेष भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. भागाकार केल्यावर काय उरते? १२३४५६७९ या संख्येचा वर्ग. ही संख्या नीट पाहा. एकपासून नऊपर्यंत सगळे अंक आहेत, फक्त आठ नाही. हीच ती संख्या, जिला नऊने गुणले की नऊ एक मिळतात, अठराने गुणले की नऊ दोन मिळतात. तिच्या अंकांची बेरीज ३७ आणि तिलाही ३७ ने भाग जातो. म्हणजे तीसुद्धा हर्षदच. आनंदाच्या आत आनंद.

आणखी खोल जाऊ. प्रत्येक संख्या मूळसंख्यांच्या गुणाकारातून बनते, आणि ती एकाच प्रकारे बनते. आपली संख्या तीन मूळसंख्यांची बनली आहे : ३, ३७ आणि ३३३६६७. तीन चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा घेऊन गुणाकार करा, की हा सतरा अंकांचा हार तयार होतो. यातून तिचे विभाजक मोजता येतात. ते ४५ आहेत. विभाजक नेहमी जोडीने राहतात. एकाने भागले की दुसरा उत्तरात येतो. इथे २२ जोड्या होतात आणि एकजण एकटा उरतो. तो कोण? नऊ एकांची ती मूळ संख्या, जिची जोडी तिच्याशीच आहे. कुठल्याही वर्गसंख्येच्या घरात असा एक एकटा राहणारा असतोच.

४५ हा आकडाही कापरेकरांच्या आवडीचा. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करून मिळवा, २० आणि २५, पुन्हा ४५. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. २०२५ हे साल उजाडले तेव्हा गणिताच्या शिक्षकांनी हे वर्गात सांगितले असेल, अशी आशा आहे. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ हा. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यात मोठी आणि लहानात लहान अशी मांडणी करून वजाबाकी करा, उत्तराशी पुन्हा तेच करा. ४३२१ वजा १२३४ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ वर पोचता आणि मग तिथून हलता येत नाही. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना मात्र हे सारे पोरखेळ वाटत असे. त्यांचे म्हणणे असे, की हे गुण संख्येचे नाहीतच, ते ती लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून हे दिसते. मास्तरांचे लेख बऱ्याचदा लहान नियतकालिकांत येत, काही पुस्तिका त्यांनी देवळालीहून स्वतःच छापल्या. १९६६ साली पत्नी गेल्या. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. आणि मग मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले. देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. तेव्हा ते सत्तरीत होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता त्या आक्षेपाचा विचार करू, कारण तो खोटा नाही. समजा, माणसाच्या दोन्ही हातांना मिळून आठच बोटे असती. मग आपण आठाच्या पटीत मोजले असते. १२३२१ ही संख्या तेव्हा ३००४१ अशी लिहावी लागली असती. हार तुटला. आरसा फुटला. पण ती १११ चा वर्ग आहे, ही गोष्ट बदलली नसती. तिचे विभाजक तेवढेच राहिले असते. म्हणजे संख्येचे काही गुण तिच्या हाडामासाचे असतात आणि काही गुण तिच्या पेहरावाचे.

हे मला पटते ते माझ्या ओळखीच्या एका जुन्या खेळामुळे. अरबी-फारसी लिपीत प्रत्येक अक्षराला एक किंमत आहे. त्याला अबजद म्हणतात. अलिफ एक, बे दोन, दाल चार, मीम चाळीस, असे. एखाद्या घटनेचे वर्ष सांगायचे असले की जुने कवी असे शब्द योजत की अक्षरांची बेरीज करताच ते वर्ष निघावे. ७८६ हा आकडा अनेक गाड्यांवर आणि दुकानांवर दिसतो, तो याच हिशेबाने 'बिस्मिल्लाह'च्या पूर्ण वाक्याचा.

मी सहज 'अहमदनगर' या शब्दाची बेरीज केली. अलिफ १, हे ८, मीम ४०, दाल ४. अहमद झाले ५३. नून ५०, गाफ २० आणि रे २००. नगर झाले २७०. एकूण ३२३. दोन्ही बाजूंनी सारखी! क्षणभर मलाही वाटले, की गावाच्या नावात कोणीतरी आरसा ठेवला आहे. पण कोणी ठेवलेला नाही. हा योगायोग आहे. ही बेरीज नावाची आहे, गावाची नव्हे. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. नाव बदलले की अक्षरे बदलतात आणि अक्षरांचा हिशेब वेगळा होतो. किल्ला, सीना नदी आणि चांदबीबीचा महाल म्हणून आपण ओळखतो ती डोंगरावरची इमारत, हे सगळे आपापल्या जागी उभे असते. वर्ग आणि विभाजक हे किल्ल्यासारखे. अंकांचा हार हा नावातल्या अक्षरांसारखा.

मग टीकाकार बरोबर आणि मास्तर चूक, असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. त्याचे कारण पुन्हा त्या आठ बोटांत आहे. आठाच्या पटीत लिहिणाऱ्यांनीही आपल्या पद्धतीने ११ चा वर्ग केला असता, तर त्यांनी तो १२१ असाच लिहिला असता. त्यांची संख्या वेगळी, पण आकृती हीच. त्यांचा हार सात एकांपर्यंत टिकला असता, आपला नऊ एकांपर्यंत टिकतो. म्हणजे हा डौल दहाचाही नाही. तो मुळात घरांचा आहे. अंकाला जागेवरून किंमत मिळते, एकाच एकाला एका घरात एक म्हणतात आणि शेजारच्या घरात दहा, या युक्तीचा आहे. रोमन आकड्यांत हा हार गुंफता येत नाही, कारण तिथे घरेच नाहीत.

आणि ही युक्ती साधी नाही. माणसाने लावलेल्या मोठ्या शोधांपैकी ती एक आहे, आणि शून्यासह ती याच भूमीत वाढली. अरबांनी ती इथून नेली. अरबी भाषेत आजही त्या अंकांना 'हिंदी अंक' म्हणतात. जवाहरलाल नेहरू ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ या काळात नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथे १९४४ साली त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, आणि त्यात प्राचीन भारतीय गणितावर, शून्यावर आणि स्थानमूल्याच्या या युक्तीवर आवर्जून लिहिले. म्हणजे या शोधाचा गौरव करणारी ती पाने आपल्या किल्ल्याच्या भिंतीआड लिहिली गेली.

त्याच नगरशी या कहाणीचा आणखी जुना धागा आहे. फैजी हे अकबराच्या दरबारातले राजकवी, अबुल फजलचे थोरले बंधू. १५८७ साली त्यांनी अकबराच्या आज्ञेवरून 'लीलावती'चे फारसीत भाषांतर केले. एका कवीने गणिताचे पुस्तक भाषांतराला घेतले! पण 'लीलावती' पद्यात आहे, तिच्यात भुंगे आहेत, मोर आहेत, तुटलेली मोत्यांची माळ आहे. तिला कवीच हवा होता. पुढे १५९१ मध्ये अकबराने फैजींना वकील म्हणून दक्षिणेत पाठवले. ते आधी खानदेशात आणि मग नगरला, बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी आले, आणि १५९३ मध्ये परतले. ज्या खानदेशातून ते आले, तिथेच चाळीसगावजवळच्या पाटण्याला, तेराव्या शतकाच्या आरंभी, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला होता. त्याचा शिलालेख आहे आणि त्यात मराठीही आहे. फैजींना त्या मठाची वार्ता असेल किंवा नसेल. पण भास्कराचार्यांची गणिते फारसीत नेणारा कवी आपल्या गावात येऊन गेला, हे मला कुठल्याही ऐतिहासिक लढाईइतकेच मोलाचे वाटते.

भाषांतर करताना काय घडते, हे भाषांतर केलेल्या प्रत्येकाला माहीत असते. अर्थ पलीकडे जातो, यमक अलीकडे राहते. आठाच्या पटीत गेलेल्या १२३२१ चे नेमके तेच होते. वर्ग पलीकडे जातो, हार अलीकडे राहतो. म्हणून यमक खोटे ठरते का? ते भाषेच्या अंगचे असते, आणि भाषा हे माणसाचे सगळ्यात मोठे काम आहे. दहाच्या घरांत अंक मांडणे हीही एक भाषाच. तिच्यातली यमके शोधत एक शाळामास्तर आयुष्यभर बसला, तर त्याने वेळ वाया घालवला असे निदान कवीने तरी म्हणू नये.

कापरेकरांकडे एम.ए.ची पदवी नव्हती, मोठी प्रयोगशाळा नव्हती, पाठीशी विद्यापीठ नव्हते. कागद, पेन्सिल आणि डोंबिवलीच्या स्थानकात मिळालेला मोकळा वेळ, एवढ्यावर काम सुरू झाले. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडीवरच्या शाळेत हे सामान आज आहे. एखाद्या मुलाने वहीच्या मागच्या पानावर आकड्यांचा खेळ मांडलेला दिसला, तर तो पुसायला लावू नका. त्याला एकदा विचारा, की तुला काय दिसले. आणि तुम्हीही आज रविवारी निवांत असाल, तर एक कोरा कागद घ्या. नऊ वेळा एक लिहा, त्याखाली पुन्हा नऊ वेळा एक लिहा आणि गुणाकार करा. एकाखाली एक ओळी सरळ मांडा, घरे चुकू देऊ नका. हातचा कुठेही येणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)